परग्रहावरची बाई

मला मावशीचं काम मिळालं होतं. मुलांसाठीची मालिका होती. टेकडीवर परग्रहावरून पाच जण उतरतात आणि पायथ्याच्या सोसायटीतली दोन भावंडं त्यांना आपल्या गच्चीवर लपवून ठेवतात, अशी गोष्ट. मावशी त्या भावंडांची. तिने पहिल्या भागात उपमा करायचा, दुसऱ्या भागात वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर जायचं, चादर बाजूला केली की मागे हिरवा प्राणी उभा, आणि मावशीने बेशुद्ध पडायचं. पुढे मालिका संपेपर्यंत ती कपाळाला हात लावून ‘मला काहीतरी दिसलं होतं रे’ एवढंच म्हणणार होती.

बेशुद्ध पडण्यात माझा हातखंडा आहे. शाळेत मराठी शिकवून उरलेल्या वेळात मी नाटकं करत आले, आणि पन्नाशीनंतर मालिकांची बोलावणी येऊ लागली ती दार उघडणारी बाई म्हणून. बेल वाजते, मी दार उघडते, ‘या, बसा’ म्हणते आणि आत जाते. आत जाऊन मी काय करते हे कुणी लिहिलेलं नसतं. त्या मानाने पडायला मिळणं ही बढतीच होती.

शूटिंग वाघोलीच्या पुढे एका गोदामात, म्हणून मी शाळेतून रजाच काढली. कर्वेनगरहून तिथे पोचायचं म्हणजे सकाळ रस्त्यातच जाते, तरी मी वेळेच्या आधी पोचायचे. वेळेच्या आधी पोचणं हा माझा स्वभाव आहे आणि उशिरा येणाऱ्यांवर रागावता येणं हा त्याचा फायदा. पहिल्या दिवशी गेले तेव्हा पाच हिरवे सूट खुर्च्यांवर बसून वडापाव खात होते. सुटांच्या आत पाचही मुलगेच होते, आणि गोष्टीतही पाचही जण पुरुषच होते. एक कप्तान, एक डॉक्टर, एक इंजिनिअर, एक पहारेकरी आणि एक विनोदी. सगळ्यांना तीनतीन बोटं, कपाळावर उंचवटा आणि कान नाहीत.

ते पाहून माझी लहानपणची चिडचिड वर आली. आमच्या घरी टीव्ही आला तेव्हा त्यावर अंतराळातल्या परदेशी मालिका लागायच्या, आणि मी त्या डोळे फाडून बघायचे. त्यांत सरड्यासारखे प्राणी असायचे, दगडासारखे असायचे, नुसत्या धुरासारखेही असायचे. धुराचासुद्धा आवाज पुरुषाचा असायचा. बाई यायची ती एखाद्याच भागात. तिच्या अंगावर रंग सोडला तर फारसं काही नसायचं, ती पृथ्वीवरच्या कप्तानाच्या प्रेमात पडायची आणि भाग संपायच्या आत मरायची. एकदा मी वडिलांना विचारलं, ‘बाबा, यांच्या बायका कुठे असतात?’ वडिलांनी पेपरातून डोकं वर न काढता सांगितलं, ‘इतक्या लांबचं तिकीट कोण काढतं बायकांचं?’ आतून आई म्हणाली, ‘मला तर सारसबागेपर्यंतही नेलं नाही.’ सगळे हसले, मीही हसले. प्रश्न मात्र तसाच राहिला. ज्या जगात दगड बोलू शकतो तिथे बाई का असू शकत नाही, हे मला कुणी समजावून सांगितलं नाही. मोठी होत गेले तसं लक्षात आलं, की त्यात समजावण्यासारखं काही आहे असंच कुणाला वाटत नाही.

पहिल्याच आठवड्यात पहारेकरी झालेल्या पोराच्या अंगावर रबराने पुरळ उठलं. दोन दिवस खाजवत राहिला आणि मग काम सोडून गेला. त्याचा सूट गोदामाच्या भिंतीवर खिळ्याला लटकत होता. मी कढईतला उपमा परतत त्याच्याकडे बघत होते, आणि बघता बघता मला ते काम हवंसं झालं. थोडंथोडकं नाही, अगदी जीव टाकावा इतकं. सहा वर्षांपूर्वी नवरा गेला, त्यानंतर मला कुठलीच गोष्ट इतकी हवीशी वाटली नव्हती.

दिग्दर्शक अमरावतीकडचा. आयटीतली नोकरी सोडून या धंद्यात आलेला, तिशीतला मुलगा. सगळ्यांना मॅडम आणि सर म्हणायचा आणि नकार फार गोडीने द्यायचा.

‘पहारेकऱ्याचं काम मी करते,’ मी त्याला म्हटलं.

‘मॅडम, मजाक करून राहिल्या का?’

‘माझी उंची बघा. सूट मला बसेल.’

उंचीबद्दल तो काही बोलू शकला नाही. मी ताडमाड आहे. शाळेच्या नाटकांत मला कायम राक्षस, झाड नाहीतर दरबारातला भालदार केलं जायचं, आणि पुढे लग्नाच्या वेळी दोन-तीन स्थळं नुसती मी उभी राहिले म्हणून परत गेली. मग दिग्दर्शकाने बाकीच्या अडचणी काढल्या. सूट जेंट्सचा आहे. तो सबंध आहे, सकाळी घातला की संध्याकाळी निघतो, बायकांना बाथरूमचं जमणार नाही. आणि मावशी कोण करणार?

‘मावशीचा मामा करा,’ मी म्हटलं. ‘मामा बेशुद्ध पडत नाहीत का?’

तो हसला. मग त्याने खरी गोष्ट सांगितली. ‘मॅडम, दिसायला तर हे सगळे सेम आहेत. आत तुम्ही असल्या काय न मी असलो काय. लेडीज आहे हे पब्लिकला समजणार कसं?’

‘मी बोलेन ना. पहारेकऱ्याला वाक्यं आहेत.’

‘तेवढ्याने नाही होत. काहीतरी व्हिज्युअल पाहिजे.’

ते व्हिज्युअल दुसऱ्या दिवशी मेकअपमनने कागदावर काढून आणलं. गुलाबी कातडी, लांब पापण्या, डोक्यावरून पाठीवर सोडलेली रबरी वेणी, मनगटात चमकणारी कडी, आणि छातीवर दोन गोल वाट्या. पाच प्राण्यांत असा एक प्राणी, म्हणजे तो पहारा देणार नाही, रुखवतात ठेवला जाईल. मी कागद परत दिला आणि दिग्दर्शकाला विचारलं, ‘तुमचा कप्तान पुरुष आहे हे कशावरून कळतं? त्याला मिशा दिल्यात का?’

‘तो तर नॉर्मल आहे न, मॅडम.’

‘मग मीही नॉर्मल आहे.’

गोदामाच्या पत्र्यावर कावळे बसले होते. मी त्याला वर बघायला सांगितलं. ‘यातली मादी कोणती ते सांगा. लिपस्टिक लावून बसलीय का ती? आणि तिच्यावाचून कावळ्यांचं चाललंय का?’

तो हो म्हणेना आणि मी विषय सोडेना. चहाला तोच विषय, जेवताना तोच विषय. शिक्षकी पेशात एक गोष्ट शिकायला मिळते, की तेच वाक्य त्याच सुरात पुन्हा पुन्हा म्हणण्याची माणसाला लाज वाटता कामा नये. शेवटी तेवढ्या उंचीचं दुसरं पोरगं वेळेत मिळेना, चॅनेलला भाग द्यायची तारीख जवळ येत चालली, आणि तो म्हणाला, ‘करा मॅडम. पण मग मला नंतर बोलू नका, की कोणाला समजलंच नाही.’

सूट घेऊन मी नारायण पेठेत नाटकांचे कपडे शिवणाऱ्या शिंप्याकडे गेले. सूट कमरेवर आडवा कापून त्याचे दोन भाग केले आणि जोड पट्ट्याखाली लपवला. खालचा भाग हवा तेव्हा उतरवता येऊ लागला. आठवड्याभरात बाकीच्या चौघांनीही आपापले सूट कापून आणले. तोवर ती पोरं दिवसदिवस पाणी न पिता बसायची, पण कापता येतं हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

काम सोपं नव्हतं. जानेवारीतसुद्धा आत घामाच्या धारा लागायच्या, गुडघे बोलायचे, आणि डोक्यावरचा मुखवटा डिंकाने चिकटवलेला असल्यामुळे एकदा घातला की संध्याकाळपर्यंत काढता यायचा नाही. दिग्दर्शकाने एकदा दबकत दबकत विचारलं, चाल थोडी लेडीज करता येईल का. मी माझीच चाल चालत होते. परीक्षेच्या वर्गात बाकांमधून फिरताना मी जशी चालते, हात मागे, मान हलत नाही, नजर सगळीकडे, तशी. पहारेकरणीला याहून वेगळं चालायचं कारण काय? तो बघत राहिला आणि म्हणाला, ‘असू द्या. बरोबर वाटते.’

आता एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या सोसायटीत संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकवं असतात. नवरा गेल्यापासून मला त्यांची बोलावणी येत नाहीत. वाईट कुणी वागत नाही. खालच्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात, त्यांची सून दरवर्षी न चुकता तिळाच्या वड्यांचा डबा वर पाठवते. फक्त खाली बोलावत नाही. जिन्यातून बायकांच्या हसण्याचा आवाज येत असतो आणि मी वडी खात घरात बसलेली असते. माझा या गोष्टींवर विश्वास नाही, मला त्याचं काही वाटत नाही, असं मी सगळ्यांना सांगते. ते खोटं आहे. मला वाटतं, आणि भरपूर वाटतं.

त्या जानेवारीत युनिटचा स्वयंपाक करणारी बाई एका दुपारी जेवणं आटोपल्यावर हळदीकुंकवाचं ताट घेऊन आली. ती वाघोलीच्या पलीकडच्या एका गावातली, माझ्याच वयाची. भाकरी थापता थापता आमच्या गप्पा व्हायच्या, त्यामुळे माझं सगळं तिला ठाऊक होतं. तिने कपडेपटातल्या मुलींना लावलं, मेकअपच्या मुलीला लावलं, मालिकेतल्या छोट्या मुलीच्या आईला लावलं. मी बाजूला स्टुलावर मुखवट्यासकट बसले होते. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

‘बाई, वर बघा.’

‘अहो, मला नसतं लावत. तुम्हाला माहीत आहे ना?’

‘माहीत हाय. पर ते इथलं झालं. तुमच्या तिकडं वर हाय का असलं काय?’

मी ‘नाही’ अशी मान हलवली.

‘न्हाय ना? मग बघा वर.’

मी वर बघितलं. तिने माझ्या हिरव्या रबरी कपाळावर आधी हळद लावली, मग कुंकू लावलं, आणि माझ्या तीन बोटांच्या पंजात वाण म्हणून चहाची गाळणी ठेवली. तिचं बोट मला रबरातून कळलं. मी रडले. मुखवट्याच्या आत रडण्यात गैरसोय अशी, की नाक पुसता येत नाही.

मेकअपमनने ते पाहिलं आणि तो ओल्या कापसाचा बोळा घेऊन धावत आला. कुंकू निघालं. हळद निघेना. रबराने ती शोषून घेतली होती आणि पुसल्यामुळे ती आणखी पसरली. सकाळी एका प्रसंगाचा अर्धा भाग शूट झाला होता, त्यात कपाळ कोरं होतं, आणि उरलेला अर्धा आता व्हायचा होता. आता दिग्दर्शक डोक्याला हात लावणार असं मला वाटलं. त्याने माझ्याकडे डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, आणि त्याचा चेहरा उजळला.

‘मॅडम, हे राहू द्या. कुंकू अजून एकदा लावू. सकाळचं मी पुन्हा शूट करतो. आता समजते न, लेडीज आहे म्हणून. किती सोपं होतं हे!’

तेव्हा खरी ओढाताण झाली, आणि ती त्याच्याशी नव्हती. ते कुंकू मला हवं होतं. सहा वर्षांत माझ्या कपाळाकडे कुणी हात नेला नव्हता. पण ते पडद्यावर गेलं असतं तर माझी पहारेकरीण तिथेच संपली असती. तिने कितीही पहारा दिला असता, कप्तानाला कितीही वाचवलं असतं, तरी लोकांना दिसलं असतं ते कुंकू. आणि एकदा का परग्रहावर कुंकू पोचलं, की मग तिथल्या विधवा कशा दाखवायच्या हेही कुणीतरी ठरवायला बसलं असतं.

‘रंगवून टाका,’ मी मेकअपमनला म्हटलं.

‘पण मॅडम, तुम्हीच तर लावून घेतलं न?’ दिग्दर्शक म्हणाला.

‘ते मला लावलंय. तिला नाही.’

त्याला ते पटलं नाही, पण माझा आवाज ऐकून त्याने वाद घातला नाही. मेकअपमनने हळदीवर हिरव्या रंगाचे दोन हात दिले. स्वयंपाकाची बाई ताट घेऊन तिथेच उभी होती. तिला वाईट वाटलं असेल म्हणून मी तिच्याकडे बघायचं टाळत होते, तर तीच जवळ आली. ‘आतमधी हाय ना? मग झालं,’ म्हणाली आणि भांडी आवरायला गेली.

शूटिंग संपलं. डबिंग सुरू झाल्याचं मला कपडेपटातल्या मुलीकडून कळलं, कारण मला कुणी बोलावलंच नव्हतं. मी फोन केला. दिग्दर्शक फार गोड बोलला, तेव्हाच मला संशय आला. पाचही जणांना एकाच माणसाचा आवाज देणार होते. भारदस्त आवाजाचा एक कलाकार होता, तो पाचही जणांची वाक्यं म्हणणार आणि मशिनवर त्याला थोडा घुमारा देणार. चेहऱ्यावर काही नाही, अंगावर काही नाही, आणि आता आवाजही पुरुषाचा. म्हणजे इतके दिवस मी त्या रबरात शिजले ते एका पुरुषाचं काम करायला.

मी रिक्षा करून स्टुडिओत गेले.

‘चॅनेलचं म्हणणं आहे, लेडीज आवाजाने भीती नाही वाटत,’ दिग्दर्शक म्हणाला.

‘चॅनेलला म्हणावं, आमच्या शाळेत या एकदा.’

‘मॅडम, माझ्या हातात नाही हे.’

‘माझं रेकॉर्डिंग करणं तुमच्या हातात आहे. तेवढं करा. ते ऐकवा. मग काय ते ठरवा.’

मी रेकॉर्डिस्टच्या शेजारची खुर्ची ओढली आणि पर्स मांडीवर घेऊन बसले. भांडले नाही. भांडणाऱ्या बाईला चहा पाजून परत पाठवता येतं, बसलेल्या बाईचं काही करता येत नाही. त्या भारदस्त आवाजाच्या कलाकाराची दुपारची सुट्टी झाली तेव्हा दिग्दर्शकाने दार उघडून मला आत जायची खूण केली.

प्रसंग असा होता. सोसायटीचा अध्यक्ष गच्चीवर येतो, दारात पहारेकरीण उभी असते, तो तिच्यावर खेकसतो की ही गच्ची सोसायटीची आहे, कुणाच्या परवानगीने उभे आहात. आणि ती म्हणते, ‘आत मुलं झोपली आहेत. मी इथून हलणार नाही.’ मी आवाज चढवला नाही. परीक्षेच्या वर्गात कॉपी करणाऱ्या पोराच्या बाकाशेजारी थांबून बोलते तशी बोलले. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट सरळ बसला. दिग्दर्शकाने आणखी एकदा मागितलं, मग आणखी एकदा, आणि तिसऱ्या वेळेनंतर तो उठून बाहेर फोन करायला गेला. आत आला तेव्हा म्हणाला, ‘बाकीचे सीन पण घेऊन टाकू.’ एवढ्याच शब्दांत मला ते काम परत मिळालं. घुमारा मात्र त्यांनी माझ्याही आवाजाला दिला, तेवढं मी चालवून घेतलं.

मालिका लागली. माझ्या ओळखीच्यांपैकी फारसं कुणी ती पाहिली नाही. मुलांची मालिका मोठी माणसं बघत नाहीत, आणि मावशीऐवजी मी त्यात कोण झाले हे मी मुद्दाम कुणाला सांगितलं नव्हतं. मला ऐकायचं होतं, न सांगता कुणाला काही दिसतं का ते.

एका संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे ते निवृत्त गृहस्थ लिफ्टपाशी भेटले. हातात दुधाची पिशवी.

‘तुम्ही त्या टेकडीवरच्या मालिकेत मावशी होणार होतात ना? नातीबरोबर बघावं लागतं मला. तिथे तर कुणीतरी मामा बेशुद्ध पडला.’

‘माझं काम बदललं.’

‘म्हणजे काढलं तुम्हाला.’

‘तसं म्हणा.’

त्यांना समाधान वाटलं. लिफ्टचं बटण दाबून ते म्हणाले, ‘मालिका अगदीच वाईट नाही. त्या पाचांतली ती बाई मात्र फार हेकेखोर दाखवलीय. सोसायटीच्या अध्यक्षाला तोंडावर सांगते, हलणार नाही म्हणून. अध्यक्ष म्हणजे काय वॉचमन आहे?’ ते स्वतः दोनदा अध्यक्ष होते.

‘कुठली बाई?’ मी विचारलं.

‘ती हो, पहाऱ्यावरची.’

‘ती बाई आहे हे कशावरून? ना कुंकू, ना बांगड्या.’

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. बँकेत चुकीच्या खिडकीवर आलेल्या माणसाकडे ते असंच बघत असणार.

‘तिला कशाला हवं कुंकू?’ ते म्हणाले. ‘बाई आहे ती. सरळ दिसतंय.’

लिफ्ट आली. ते त्यांच्या मजल्यावर उतरले, मी माझ्या. या संक्रांतीला त्यांच्या सुनेकडे हळदीकुंकू असेल तेव्हा मी खाली जाणार आहे. बोलावणं येवो न येवो, मी दारातून हलणार नाही.